काटा ८० वर, मोबाईल ७६ वर : खरं कोणाचं?

कोरेगावच्या एका शिक्षकांनी तीन प्रश्न विचारलेत. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी जुनी गाडी घेतली. काटा ८० वर असताना मोबाईल ७५-७६ दाखवतो, तर खोटं कोण बोलतंय? दुसरं, त्यांचे दाजी म्हणतात की पुण्याला ८० ऐवजी १०० ने गेलं तर अर्धा तास वाचतो, हे खरं का? आणि तिसरं, गेल्या आठवड्यात मुलाने स्टेअरिंगवरची बटणं दाबली, तेव्हापासून गाडी ५० च्या पुढे जायला मागत नाही, तरी बाकीच्या गाड्या मागे पडतात. शिवाय २० चं ॲव्हरेज ५६ झालंय. गाडी सुधारली की बिघडली?

गुरुजी, तिसऱ्याचं आधी सांगतो, कारण ते वाचल्याशिवाय तुम्ही गाडी बाहेर काढू नये. गाडी सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. ती मैलात बोलायला लागलीय.

पोराच्या हातून सेटिंगमधलं एकक बदललं, एवढंच. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. तुम्हाला ५० दिसतं तेव्हा गाडी ८० ने पळत असते, म्हणून बाकीचे मागे पडतात. ॲव्हरेजचंही तेच. ५६ हा आकडा लिटरला किलोमीटरचा नाही, गॅलनला मैलांचा आहे. इंग्लंडचा गॅलन साधारण साडेचार लिटरचा. गुणून-भागून बघा, २० किलोमीटरचे साधारण ५६ मैलच येतात. (अमेरिकेचा गॅलन लहान, पावणेचार लिटरच्या आसपास. गाडी त्या हिशोबात गेली असती तर ४७ दिसले असते.) म्हणजे पेढे वाटायचं काही कारण नाही.

हायवेवर ही चूक एक वेळ खपून जाईल. पण शाळेसमोरून तुम्ही '४०' ने निवांत चाललोय असं समजून जाल तेव्हा गाडी ६४ ने असेल. कानाला इंजिनाचा आवाज वेगळा लागतो, पण डोळा आकड्यावर विश्वास ठेवतो. सव्वीस वर्षं साताऱ्यात गाडी शिकवतोय, आणि कान व आकडा यांचं भांडण लागलं की माणूस आकड्याच्या बाजूने जातो, हे मी रोज बघतो.

दुरुस्ती सोपी आहे. गाडी बाजूला उभी करा, स्टेअरिंगच्या बटणांनी मेनूत जा, सेटिंगमध्ये 'युनिट' सापडेल, तिथे किलोमीटर निवडा. काही गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून धरलं की बदलतं. नाही जमलं तर गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा. ते डॅशबोर्डच्या खणात पीयूसीच्या जुन्या कागदांखाली असतं आणि बहुतेकांकडे कोरं करकरीत असतं.

जुनी गाडी घेतलीत म्हणून आणखी एक सांगतो. वेगाचं एकक बदललं की बऱ्याच गाड्यांत ओडोमीटरचा, म्हणजे एकूण अंतराचा आकडाही मैलात जातो. ५०,००० किलोमीटर चाललेली गाडी मग ३१,००० दाखवते. माझा एक विद्यार्थी अशीच गाडी बघायला मला घेऊन गेला होता. विकणारा सांगत होता, एकतीस हजार चाललीय, एका हाताची आहे. मी क्लचच्या पेडलकडे बघितलं तर रबर घासून तुळतुळीत. चाव्या फिरवल्या, वाकून बघितलं, तर आकड्याच्या बाजूला बारीक अक्षरात 'माइल्स'. त्या माणसाला ते ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. सर्व्हिसची पावती मागितली, तिच्यावर सरळ किलोमीटर लिहिलेले होते.

मैल आपल्याकडून कायद्याने कधीच गेला. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत रस्त्यावरचे दगडही किलोमीटरचे झाले. भाषेत मात्र तो अजून बसलाय. 'मायलेज' म्हणतो आणि मोजतो किलोमीटर. त्याच्याही आधीचा कोस तर ठिकठिकाणी लहानमोठा. दोन मैलांचा धरला तर बारा कोस म्हणजे चाळीस किलोमीटरच्या खाली. बारा कोसांवर भाषा बदलते हे खरं असेल, तर साताऱ्याहून निघाल्यावर कराडच्या अलीकडेच बदलायला हवी. उंब्रजवाल्यांनी काय ते सांगावं.

आता पहिला प्रश्न. काटा आणि मोबाईल.

मी शिकवायला लागलो तेव्हाच्या गाड्यांत गिअरबॉक्समधून एक केबल निघून काट्यापर्यंत यायची. केबल फिरली की तिच्या टोकाचं लोहचुंबक फिरायचं, त्याच्या भोवती ॲल्युमिनियमची वाटी असायची, आणि चुंबक त्या वाटीला स्पर्श न करता आपल्याबरोबर ओढायचं. वाटीला एक बारीक स्प्रिंग मागे खेचायची. दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. केबल कोरडी पडली की काटा ४० ते ६० मध्ये थरथरत राहायचा आणि शिकणारा पोरगा विचारायचा, सर, नेमका कितीचा? आता चाकाजवळ किंवा गिअरबॉक्सवर सेन्सर असतो, तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. पण एक गोष्ट बदललेली नाही : तुमच्या काट्याला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चाक किती वेळा फिरलं ते कळतं. चाकाचा घेर अमुक आहे असं कंपनीने धरलं आणि त्यावरून गुणाकार केला.

त्यात कंपन्या मुद्दाम थोडा जास्त आकडा दाखवतात. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांसाठीचा ३९ क्रमांकाचा नियम आहे, त्याचा गाभा असा की काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालेल, पण खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर, यापेक्षा जास्त नको. खरा वेग ८० असेल तर काटा ८० पासून ९२ पर्यंत कुठेही असू शकतो, तरी तो नियमात बसतो. तुमचे ८० आणि ७६ त्यात आरामात बसतात. तुमचा स्पीडोमीटर खोटा नाही, सावध आहे.

टायर बदललेत का, हे गाडीच्या आधीच्या मालकाला विचारा. टायरवर लिहिलेलं असतं १८५/६५ आर १५. एका ओळीत तीन भाषा आहेत बघा. १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे टक्के, म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, तो चक्क इंचात. हिशोब केला तर अख्ख्या चाकाचा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास येतो. आता १६५/८० आर १४ चा काढा, तोही जवळपास ६२० येतो. म्हणून एकाच गाडीच्या खालच्या मॉडेलला एक आणि वरच्या मॉडेलला दुसरा टायर असला तरी काटा बरोबर चालतो. पण एखाद्याने 'गाडी भरलेली दिसते' म्हणून १८५ च्या जागी २०५/६५ आर १५ चढवले, तर व्यास ६४७ होतो, चार टक्के जास्त. प्रत्येक फेरीला गाडी चार टक्के जास्त पुढे जाते आणि काट्याला पत्ता नसतो. तिथे कंपनीने ठेवलेली सावधगिरी संपते आणि काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतो. झिजलेल्या टायरचं उलटं. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, आणि १.६ ला टायर बाद. तोवर व्यास दोन टक्क्यांनी कमी झालेला असतो, त्यामुळे जुन्या टायरवर काटा आणखी थोडा पुढे पळतो.

मोबाईल उपग्रहांवरून वेग काढतो. मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर स्थिर वेग असेल तर तो काट्यापेक्षा खऱ्याच्या जवळ असतो. पण ब्रेक दाबला की तो क्षणभर मागे राहतो, आणि खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की अंदाजाने बोलतो. गाडी काट्यावर चालवा. मोबाईलचा वेग फक्त काटा तपासायला.

तपासायची जुनी रीत याहून चांगली आहे आणि तिला मोबाईलमधलं फक्त घड्याळ लागतं. हायवेच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, राष्ट्रीय महामार्गाचे पिवळ्या डोक्याचे. शेंद्र्याच्या पुढे सहापदरीकरणाच्या कामात दगडांचा भरवसा नाही, म्हणून आनेवाडीचा टोल ओलांडून भुईंजच्या बाजूला जा. सकाळी लवकर. काटा ८० वर धरून ठेवा आणि शेजारच्याने एका दगडापासून त्याच्या पुढच्या दहाव्या दगडापर्यंतची वेळ मोजायची. चालवणाऱ्याने मोजायची नाही, हे सांगावं लागतं. १० किलोमीटरला जितके सेकंद लागले त्याने ३६,००० ला भागा. खरे ८० असतील तर ४५० सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटं. तुम्हाला ७ मिनिटं ५४ सेकंद लागतील असा माझा अंदाज आहे, म्हणजे ७६. त्याच फेरीत ट्रिपवर १० किलोमीटर बरोबर पडले का तेही बघा. बहुतेक वेळा अंतर बरोबर निघतं, कारण वाढवून दाखवायचं ते फक्त वेगाला, अंतराला नाही.

स्पीडगनच्या चलनावर काट्यापेक्षा कमी आकडा का, असंही बरेच जण विचारतात. कारण हेच. ती गाडीचा वेग थेट मोजते, तुमचा टायर नाही.

दाजींचा हिशोब. सातारा ते पुणे ११० किलोमीटर धरू. सगळा रस्ता ८० ने गेलात तर साधारण ८२ मिनिटं, १०० ने गेलात तर ६६. वाचली १६. अर्धा तास कुठून आला हे दाजींनाच विचारा. आणि हे १६ सुद्धा कागदावरचे, कारण सगळा रस्ता १०० ने कोण जातंय? आनेवाडीचा टोल आहे, पाचवड-सुरूरला आत येणाऱ्या गाड्या, खंबाटकी, शिरवळची वर्दळ, आणि पुण्यात शिरताना जे व्हायचं ते होतंच. फार तर ६० किलोमीटर तुम्हाला मोकळे मिळतील. ६० किलोमीटरला ८० ने ४५ मिनिटं, १०० ने ३६. नऊ मिनिटं. वाटेत वडापाव खायला थांबलात की तीही गेली.

सरासरीच्या नावाखाली माणसं आणखी एक चूक करतात, आणि ती गणिताच्या शिक्षकांकडूनही होते म्हणून लिहितो. साताऱ्याहून कास हिशोबाला २४ किलोमीटर धरा. जाताना यवतेश्वरचा घाट चढत ४० च्या सरासरीने गेलात, येताना ६० ने आलात. सरासरी किती? वर्गात निम्मे हात ५० ला वर येतात. जायला लागली ३६ मिनिटं, यायला २४. एका तासात ४८ किलोमीटर, म्हणून सरासरी ४८. कारण हळू चालण्यात वेळ जास्त गेला. हीच गोष्ट हायवेवर. घाटात आणि टोलवर गेलेला वेळ पुढे गाडी पळवून भरून काढणं फार महाग पडतं.

कायद्याने १०० ची परवानगी आहे का? केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला कमाल १०० आणि दुचाकीला ८०. पण ही वरची मर्यादा. त्या ठिकाणी लाल गोलात ६० लिहिलं असेल तर ६०. त्या गोलात एकक लिहिलेलं नसतं, ते किलोमीटर ताशीच धरायचं. मैलात गेलेल्या तुमच्या काट्यावर ते ६० केवढ्याला पडले असते, हिशोब करून बघा.

१०० चा खरा प्रश्न मात्र वेळेचा नाही. काटा 'तासाला' बोलतो, आणि समोर म्हैस आली तर तुमच्याकडे तास नसतो, सेकंद असतो. म्हणून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पावकी लावायला शिकवतो. पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीतले तुम्ही असाल तर सोपं आहे. काट्यावरच्या आकड्याचा पाव घ्या आणि त्यात त्या पावाचा दहावा हिस्सा मिळवा. ८० चा पाव २०, त्यात २ मिळवले, २२. तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाताय. ६० चे साडेसोळा. १०० चे साडेसत्तावीस. (अचूक आकडे किंचित वर आहेत, पण चालत्या गाडीत एवढं पुरे.)

मीटर डोळ्यासमोर येत नाहीत म्हणून पोरांना क्रिकेटचं पिच सांगतो. बावीस यार्ड, म्हणजे २० मीटर. ७२ च्या वेगाला सेकंदाला एक अख्खं पिच मागे जातं. मोबाईल वाजला म्हणून दोन सेकंद खाली बघितलं, की दोन पिचेस डोळे मिटून पळवली. हे सांगितल्यावर पोरं गप्प होतात. ८० आणि १०० चे आकडे सांगून कधी झाली नाहीत.

आता थांबायचं बघू. ब्रेक दाबायचा हे डोक्यात येऊन पाय हलेपर्यंत एक सेकंद धरू, तो सावध माणसाचा. कोरडा चांगला रस्ता, चांगले टायर, पूर्ण ब्रेक. ६० ला साधारण ३७ मीटर लागतात. ८० ला ५७. १०० ला ८३. ब्रेक लागल्यावरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट तर अंतर चौपट. हे शाळेत शिकवलेलं असतं, पण रस्त्यावर त्याचा अर्थ काय ते बघा. दोन गाड्या शेजारीशेजारी, एक ८० ने आणि एक १०० ने. दोघांनाही त्याच क्षणी समोर अडथळा दिसला, दोघांनीही तितकाच कडक ब्रेक मारला. ८० वाली ५७ मीटरवर, अडथळ्याच्या नाकाला नाक लावून थांबली. त्याच जागी १०० वालीचा वेग किती असेल? २० नाही. ६८. आकडा चुकला असेल म्हणून मी स्वतः तीनदा हिशोब केलाय.

पावसात कोरड्याचा हिशोब सोडून द्या. ओल्या रस्त्यावर ८० चे ५७ मीटर सहज ८४ च्या आसपास जातात, म्हणजे कोरड्यातले १०० चे.

आपल्या भागात नोव्हेंबरपासून गळीत सुरू झालं की रात्रीचा खरा धोका उसाच्या ट्रॉल्यांचा. ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, मागचा दिवा नाही, असला तर उसाच्या पाल्याखाली. तो २० ने चाललेला असतो, तुम्ही ८० ने. तुमच्यातलं अंतर ६० ने कमी होतंय, सेकंदाला साडेसोळा मीटर. डिप्परवर हेडलाईटचा उजेड कामाचा म्हणाल तर ४०-५० मीटर. तीन सेकंद. ट्रॅक्टर चालू असेल तर तुम्हाला ६० वरून थांबायला लागेल तेवढंच अंतर पुरतं, ३७ मीटर, म्हणजे कसंबसं जमतं. पण ट्रॉलीचा टायर फुटून ती रस्त्यातच उभी असेल तर ५७ लागतात, आणि उजेड ५० चाच आहे. दिव्याच्या उजेडापेक्षा पुढे गाडी पळतेय, मग ड्रायव्हर कितीही हुशार असो. म्हणून हंगामात रात्री कोरेगाव रस्त्याला ६० च्या वर जाऊ नका.

एक शेवटचं, अंगवळणी पडण्याचं. तासभर ९० ने गाडी चालवली की वाढे फाट्याला खाली उतरल्यावर ५० म्हणजे बैलगाडी वाटते. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर पुण्याकडे उतार आणि वळण येतं, तिथेही हेच. मनाला वाटतं वेग कमी झालाय, झालेला नसतो. हायवे सोडताना आणि बोगद्यातून बाहेर पडताना काट्याकडे बघायची सवय लावा. आणि तो काटा किलोमीटरमध्ये असला पाहिजे.

रविवारी तपासायला निघाल तेव्हा आधी थंड टायरला हवा भरून घ्या. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर तुमच्या गाडीला किती ते लिहिलंय. तिथेही दोन आकडे दिसतील, ३३ आणि २.३ असे काहीतरी. पहिला पीएसआय, दुसरा बार, हवा तेवढीच. पंपावरच्या मशीनवर कुठलं एकक लावलंय ते बघून सांगा. मागच्या महिन्यात एकाने बारवर लावलेल्या मशीनला '३३ भर' सांगितलं होतं. मशीनने ऐकलं नाही, हे त्याचं नशीब.